दुसऱ्यांचे आवाज डोक्यात का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मचमच, भुरके, नाक ओढणं, घसा खाकरणं, पेनाची टकटक. अशा आवाजांनी ज्यांच्या डोक्यात सणक जाते त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांसाठी हे पान आहे. मी डॉक्टर नाही. बाराव्या वर्षापासून मला हा त्रास आहे आणि तिशी उलटेपर्यंत त्याला काही नाव असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मधली सगळी वर्षं मी स्वतःला तिरसट समजत आले. तुम्हीही तसंच समजत असाल तर निदान ते तरी थांबावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

आवाज तर मुळीच मोठा नसतो. मग एवढा त्रास का होतो?

कारण आवाज किती मोठा आहे याच्याशी या त्रासाचा फारसा संबंध नसतो. धो धो पावसात गाढ झोपणारा माणूस शेजारी झोपलेल्याच्या नाकातल्या बारीक शिट्टीने रात्रभर तळमळतो. पाऊस सलग पडतो आणि तो कोणी पाडत नाही. शिट्टी मात्र येते, थांबते, पुन्हा येते. सलग आवाजाला मेंदू सरावतो आणि थोड्या वेळाने तिकडे लक्ष देणंच सोडून देतो. तुटक आवाजाला सरावणं त्याला जड जातं, कारण मधल्या शांततेत तो पुढच्या आवाजाची वाट बघत बसतो. मला तर प्रत्यक्ष आवाजापेक्षा ही वाट बघणंच जास्त छळतं.

दुसरा मुद्दा ताब्याचा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटावर बरेच प्रयोग केले आणि १९७२ साली ते एकत्र मांडले. त्यातल्या एका प्रयोगात काही जणांना सांगितलं होतं की फारच असह्य झालं तर हे बटण दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे गोंगाट त्यांनीही इतरांइतकाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या किचकट कोड्यांवर ते इतरांपेक्षा जास्त वेळ चिकाटीने बसले. आपल्याला हा आवाज थांबवता येईल, एवढ्या जाणिवेनेच फरक पडला. जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, परीक्षेच्या खोलीत तसं बटण तुमच्या हाताशी नसतं. लोक सहज म्हणून जातात, 'कानाडोळा कर.' डोळा दुसरीकडे वळवता येतो. कानाचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

पंखा खडखडतो त्याचं काही वाटत नाही. माणसाच्याच आवाजाचा राग का?

पंख्याला हेतू नसतो. माणसाने मनात आणलं तर तो थांबू शकतो, असं आपण धरून चालतो. तो थांबत नाही म्हणजे त्याला आपली पर्वा नाही, हा निष्कर्ष मनात इतक्या झटकन निघतो की तो आपणच काढला आहे हे लक्षातही येत नाही.

आवाज कशाचा आहे या समजुतीचा परिणाम किती खोल असतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. चावण्यासारखा नकोसा आवाज तोच ठेवून सोबत दुसऱ्याच कुठल्या तरी निरुपद्रवी क्रियेची चित्रफीत दाखवली, तर ऐकणाऱ्यांना तो कमी त्रासदायक वाटतो. कानावर पडलेल्या लहरी त्याच असतात, फक्त त्यामागचं तोंड गायब झालेलं असतं. तान्ह्या बाळाने दूध पिताना केलेला चुटचुट आवाज अनेकांना चालतो आणि मोठ्या माणसाचा तोच आवाज चालत नाही, तेही याचमुळे असावं.

मिसोफोनिया म्हणजे काय?

ग्रीकमध्ये 'मिसोस' म्हणजे द्वेष आणि 'फोनी' म्हणजे आवाज. मार्गारेट आणि पावेल यास्ट्रेबॉफ या संशोधक दांपत्याने २००१ साली हा शब्द रूढ केला. त्याआधी अमेरिकेतल्या श्रवणतज्ज्ञ मार्शा जॉन्सन यांनी अशा रुग्णांची दखल घेऊन या त्रासाला निवडक आवाजांबद्दलची संवेदनशीलता अशा अर्थाचं नाव दिलं होतं. मला ते जास्त नेमकं वाटतं. आम्हाला आवाज या गोष्टीचा द्वेष नसतो. आमच्यातले कितीतरी जण गाण्यावर जीव टाकणारे असतात.

२०२२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने एकमताने व्याख्या ठरवली. तिचा सारांश असा: ठरावीक आवाज किंवा त्यांच्याशी जोडलेली दृश्यं यांची सहनशक्ती कमी असणं, आणि त्यांच्यामुळे राग, किळस, घालमेल, छातीत धडधड, तिथून निघून जावंसं वाटणं अशा तीव्र प्रतिक्रिया उमटणं. मानसिक विकारांची डीएसएम-५ ही अमेरिकन यादी आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११, या दोन्हींत अजून मिसोफोनियाची स्वतंत्र नोंद नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसेल तर लगेच त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नका.

मग मला मिसोफोनिया आहे का? की मी नुसताच चिडका आहे?

मचमच जवळपास कोणालाच आवडत नाही. ऐकून कपाळावर आठी आली आणि दोन मिनिटांत ती विसरली, तर ती साधी चिडचिड. आठीऐवजी जबडा आवळला जातो, कान गरम होतात, वाचत असलेल्या ओळीचा अर्थ लागेनासा होतो, ओरडावंसं किंवा पळून जावंसं वाटतं, आणि मग आपल्या रागाचीच लाज वाटते, तर प्रकरण वेगळं आहे. त्याहून सोपी खूण म्हणजे टाळाटाळ. ठरावीक माणसासोबत जेवणं, ठरावीक खुर्चीवर बसणं, सिनेमाला जाणं तुम्ही बंद केलं आहे का? आवाजाच्या भीतीने आयुष्याचा परीघ आखडत चालला असेल तर तज्ज्ञाला भेटण्याइतका त्रास नक्कीच आहे.

आणि 'चिडका' हा शब्द जरा बाजूला ठेवा. एरवी शांत असलेल्या माणसांनाही हे होतं.

मेंदूत नेमकं काय घडतं?

ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसोफोनिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांना आवाज ऐकवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. २०१७ साली आलेल्या त्या अभ्यासात पावसासारखे साधे आवाज आणि बाळाच्या रडण्यासारखे सगळ्यांनाच नकोसे वाटणारे आवाज दोन्ही गटांना सारखेच वाटले. खाण्याचे, श्वासाचे आवाज लागले की मात्र मिसोफोनिया असलेल्यांच्या मेंदूतला इन्सुला नावाच्या भागाचा पुढचा हिस्सा इतरांपेक्षा खूप जास्त उद्दीपित होत होता. आत्ता, या क्षणी कशाकडे लक्ष द्यायला हवं आणि त्याबद्दल काय वाटायला हवं, हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. सोबत हृदयाचे ठोके वाढत होते आणि तळव्यांना घाम येत होता. धोका समोर उभा ठाकल्यावर शरीर जी तयारी करतं, ती एका घासासाठी होत होती.

त्याच संशोधकांचा २०२१ चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिसोफोनिया असलेल्यांच्या मेंदूत, ऐकण्याशी संबंधित भाग आणि तोंड, जबडा, घसा यांची हालचाल घडवणारा भाग यांच्यातला दुवा जास्त घट्ट असल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे दुसरा चावत असताना आपल्याच तोंडाचे स्नायू जणू नकळत कामाला लावले जातात. कोणीतरी परवानगीशिवाय आपल्या शरीरात घुसतंय असं का वाटतं, ते मला हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं. आमच्यातले काही जण समोरच्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. बघणाऱ्याला तो चिडवण्याचा प्रकार वाटतो, पण नक्कल केल्याने त्यांना क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. घुसखोरी होणारच असेल तर निदान तिचा लगाम आपल्या हातात घ्यावा, असा काहीसा तो प्रयत्न असावा.

घरच्याच माणसांचा आवाज सगळ्यात जास्त का खटकतो?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो. आपलं प्रेम कमी पडतंय की काय, ही भीती त्यामागे असते.

माझं सांगते. जेवताना बाबांच्या जबड्याच्या सांध्यातून 'टक्' असा बारीक आवाज यायचा. दर वेळी चावताना नाही, तीन-चारदा चावलं की एकदा. म्हणून मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... आता येणार. आला नाही की जास्त ताण यायचा. त्यांच्या कानापुढची ती जागा, जिथे कातडीखाली हाड सरकताना दिसायचं, तिच्यावरून माझी नजर हटायची नाही. चौथ्या-पाचव्या घासाला मी ताट अर्धवट ठेवून उठायचे. ताईला तो आवाज ऐकूच येत नसे. आईला वाटे, मुलीचं जेवणात लक्ष नाही. बाबा काहीच म्हणत नसत.

हा त्रास बहुतेकांना लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. त्या वयात रोज, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून कानावर पडणारे आवाज घरच्यांचेच असतात. परक्याच्या शेजारून उठून जाता येतं, घरच्या पंगतीतून उठणं म्हणजे अपमान. शिवाय परक्यापुढे आवरलेला राग घरात सैल सुटतो. मेंदू त्या एका माणसाच्या आवाजाची आधीपासूनच चाहूल घ्यायला शिकतो आणि पुढे पुढे ते माणूस ताटावर येऊन बसलं तरी अंग आखडायला लागतं. यात प्रेम कमी असल्याचा कसलाही पुरावा नाही. उलट ते माणूस सगळ्यात जवळ बसत होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मी स्वतः खाताना तोच आवाज मला का जाणवत नाही?

आपल्या हालचालीतून कोणता आवाज निघणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि तो आल्यावर त्याला कमी महत्त्व देतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याचं कारणही हेच. त्यामुळे 'तूही तसंच खातेस की' या टोमण्याने काहीच सिद्ध होत नाही.

शेजारचा फोनवर बोलत असला की त्रास होतो, पण दोघे गप्पा मारत असले तर नाही. असं का?

हा मिसोफोनियाचा भाग नाही, जवळपास सगळ्यांना होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली यावर प्रयोग केला. लक्ष एकवटून करायचं काम लोकांना दिलं आणि मागे कधी पूर्ण संवाद, कधी फक्त एका बाजूचं बोलणं ऐकवलं. एका बाजूचं बोलणं ऐकताना चुका वाढल्या. पूर्ण संवादात पुढे काय येणार याचा थोडाफार अंदाज असतो. अर्धा संवाद ऐकताना रिकाम्या जागा भरण्याचं काम मेंदू आपणहून अंगावर घेतो, आणि ते नको म्हणायची सोय नसते. 'हो... नाही नाही... कधी?... अरे बापरे!' एवढं कानावर पडल्यावर पुस्तकात लक्ष कसं लागणार?

फळ्यावर नख ओढल्यावर अंगावर काटा येतो, तेही हेच का?

नाही. तो त्रास आवाजाच्या घडणीत आहे, म्हणून तो बहुसंख्य माणसांना होतो. साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यातले आवाज माणसाला विशेष नकोसे वाटतात, आणि आपला कानही साधारण त्याच पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. १९८६ च्या एका अभ्यासात अशा खरवडण्याच्या आवाजातली सर्वांत तीव्र, उंच कंपनं गाळून तो ऐकवला, तरी लोकांना तो तितकाच वाईट वाटला. मिसोफोनियात आवाजाच्या घडणीपेक्षा तो कोणाचा, कशाचा आणि कुठल्या प्रसंगातला, हे जास्त मोजलं जातं.

याच्याशी आणखी दोन गोष्टींची गल्लत होते. हायपरॅक्युसिसमध्ये भांडी आपटणं, दार लागणं असे साधे आवाजही कानाला अति मोठे वाटतात, कधी प्रत्यक्ष दुखतात. फोनोफोबियात मुख्य भावना भीतीची असते. अर्धशिशीच्या झटक्यात आवाज नकोसा होतो त्यालाही डॉक्टर हाच शब्द वापरतात. हे त्रास एकाच माणसाला एकत्रही असू शकतात, म्हणून कानाची तपासणी करून घेणं चांगलं.

आवाज नसतानाही, कोणी पाय हलवताना दिसलं तरी चिडचिड होते.

त्याला मिसोकिनेशिया म्हणतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात ४१०० हून अधिक लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांनी अशी चिडचिड होत असल्याचं सांगितलं.

असे लोक किती असतील?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरेच. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या ४८३ विद्यार्थ्यांच्या पाहणीत, २०१४ साली, जवळपास २० टक्क्यांमध्ये लक्षणीय त्रास आढळला. ब्रिटनमध्ये ७७२ प्रौढांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिथे हे प्रमाण १८.४ टक्के निघालं. त्याच पाहणीत मिसोफोनिया हा शब्द माहीत असणारे फक्त १३.६ टक्के होते. या दोन आकड्यांमधल्या अंतरात किती माणसं आपल्यालाच काहीतरी झालंय असं समजून गप्प बसली असतील, याचा मला नेहमी विचार येतो.

हे आजच्या धकाधकीचं दुखणं आहे असंही नाही. थॉमस कार्लाइल या लेखकाने शेजारचे कोंबडे आणि पियानो ऐकू येऊ नयेत म्हणून १८५३ साली लंडनमधल्या घराच्या माथ्यावर खास खोली बांधून घेतली. ती मनासारखी झाली नाही, तिथेही आवाज पोचायचेच.

कानात बोळे घालून बसलं तर?

प्रवासात, झोपताना, परीक्षेच्या दिवशी जरूर घाला. पण दिवसभर नको. श्रवणशक्ती उत्तम असलेल्या लोकांना दोन आठवडे कानात बोळे घालायला लावले, तेव्हा त्यांना साधे आवाजही आधीपेक्षा मोठे वाटायला लागले. ज्यांच्या कानात त्याऐवजी मंद, सलग आवाज सोडला होता त्यांच्यात उलटा परिणाम दिसला. हा अभ्यास २००३ चा आहे आणि तो मिसोफोनियावर नाही, पण त्यातली शिकवण आम्हालाही लागू पडते. कान शांततेला जितका सरावतो तितका बारीक आवाज टोचतो. म्हणून पूर्ण शांततेच्या मागे लागू नका. जेवताना मंद गाणी, काम करताना पावसाचा किंवा पंख्यासारखा सलग आवाज, हे बोळ्यांपेक्षा बरं. त्यात नकोसा आवाज पूर्ण झाकला जात नाही, पण त्याची टोकं बोथट होतात.

सवय होईल म्हणून मुद्दाम तो आवाज ऐकत बसावं का?

एकट्याने नको, आणि दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवणं तर अजिबात नको. आमच्यापैकी बहुतेकांनी तो आवाज वर्षानुवर्षं रोज ऐकलेलाच असतो. नुसत्या ऐकण्याने सुटणार असतं तर एव्हाना सुटलं असतं.

यावर औषध आहे का?

खास मिसोफोनियासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सध्या सर्वांत चांगला पुरावा आहे तो विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराचा, म्हणजे सीबीटीचा. ॲमस्टरडॅममध्ये ५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांमध्ये स्पष्ट सुधारणा झाली, नुसते प्रतीक्षा यादीत थांबलेल्यांमध्ये एकाचीही नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना तशी सुधारणा मिळाली नाही, हेही खरं, आणि ते लपवून तुम्हाला आशा लावणं मला बरं वाटत नाही.

या उपचारात लक्ष दुसरीकडे वळवायला, शरीर सैल सोडायला आणि आवाजाला चिकटलेली किळस सैल करायला शिकवतात. माझ्या बाबतीत आवाज नाहीसा झाला नाही, मधलं मोजणं थांबलं. एक, दोन, तीन सुरू झालं की मी पायाची बोटं जमिनीवर दाबते आणि समोरच्याला काहीतरी विचारते, ज्याचं उत्तर मला खरंच हवं असतं. झोप कमी झाली असेल किंवा भूक लागली असेल तेव्हा यातलं काही चालत नाही. मग मी सरळ दुसऱ्या खोलीत जाते.

समोरच्याला सांगायचं कसं? आणि सांगावं तरी का?

सांगावं. पण त्या क्षणी नाही. तोंडात घास असलेल्या माणसाला 'किती आवाज करतोस!' म्हटलं की तो त्याच्या संस्कारांवरचा ठपका ठरतो, आणि तो स्वतःचा बचाव करणार हे ठरलेलं. शिवाय तेव्हा तुमच्या आवाजात जी धार असते ती तुम्हाला लपवता येत नाही.

दोघंही निवांत असताना, शक्यतो चालताना सांगा. शेजारी शेजारी चालत असलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सुरुवात स्वतःपासून करा: 'मला एक त्रास आहे, बरेच दिवस सांगायचा होता.' मग एकच आवाज सांगा, यादी वाचू नका. आणि एकच, करता येण्याजोगी गोष्ट मागा. 'जेवताना गाणी लावूया का?' हे जमतं. 'आवाज न करता जेव' हे कोणालाच जमत नाही, कारण ते ऐकल्यावर माणूस प्रत्येक घास धास्तावून गिळतो.

मी बाबांना सांगितलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आधी ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू माझ्यावर रागवून उठायचीस असं नव्हतं तर." एकोणीस वर्षं त्यांनी तसं धरलं होतं. सांगायचं का, याचं माझं उत्तर तिथेच मिळालं. आवाज सहन न होण्याचं दुःख माझ्या वाट्याला होतं, आणि न सांगण्याचं त्यांच्या.

माझ्या आवाजाचा घरातल्या कोणाला तरी त्रास होतो. मी काय करू?

पहिलं म्हणजे अपराधी वाटून घेऊ नका. चावणं आणि श्वास घेणं हा गुन्हा नाही आणि तुमच्यावर पाळत ठेवायचा हक्क कोणालाही नाही. त्याचबरोबर 'नाटकं करतो', 'लाडावलाय' असलं काही म्हणू नका, विशेषतः मुलांना. मूल हात झटकत पंगतीतून उठलं तर ओढून बसवू नका. थोड्या वेळाने, एकट्याला, नेमकं काय ऐकू येत होतं ते विचारा. त्याला शब्द सापडायला वेळ लागेल.

गंमत म्हणून तोच आवाज मुद्दाम मोठ्याने काढून दाखवू नका. ते कधीच विसरलं जात नाही.

आणि वेगळं जेवायला लागू नका. बाबांनी ते करून पाहिलं होतं. मी सांगितल्यानंतर आठवडाभर ते आमच्या आधी जेवून घेत होते आणि मला त्यांची रिकामी खुर्ची बघवत नव्हती. आठव्या दिवशी आम्ही जागा बदलल्या. ते समोर बसायचे ते माझ्या शेजारी बसायला लागले, म्हणजे मला त्यांचा जबडा दिसत नाही, आणि रेडिओ त्यांच्या बाजूला असतो. 'टक्' अजून ऐकू येतं, पण आता मी जेवून उठते.